तोंड आत ठेवजो

मी पुण्याला निघायच्या दिवशी मायने तांदूळ भरायच्या आधी चुंगडी उलटी केली. पोत्याला आमच्याकडे चुंगडी म्हणतात. ही राईस मिलची होती, पांढरी, प्लॅस्टिकच्या धाग्याची. आतली बाजू बाहेर, बाहेरची आत, मग तांदूळ आणि वरून सुतळीची गाठ. वरठीच्या स्टेशनात पुण्याच्या गाडीची वाट बघत माय, बाबा आणि मी उभे होतो. गोंदियाचा जिल्हा वेगळा झाला तरी गाड्या अजून तिकडूनच यायच्या, आणि उशिराच यायच्या. एका माणसाने बुटाची नाडी बांधायला पाय उचलून आमच्या चुंगडीवर ठेवला. मायने नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि तो पाय काढेपर्यंत बघत राहिली. गाडी आली. जपून राहा, जेवत जा, फोन कर, असं इतर आया म्हणतात त्यातलं माय काहीच म्हणाली नाही.

"चुंगडी रिकामी झाली का धुवून ठेवजो," ती म्हणाली. "अन् तोंड आत ठेवजो."

चुंगडीच्या आतल्या बाजूला माझ्या बहिणीचं तोंड होतं. यात गूढ काही नाही, लगेच सांगून टाकते. आमच्या गावात, आंधळगावात, राहिलेल्यांना ते माहीतच आहे, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या दारात ते तोंड पायपुसणं म्हणून पडलेलं होतं. हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी आणि माझ्यासारखे पुण्या-हैदराबादेत जाऊन बसलेत त्यांच्यासाठीही. वाचून वाईट वाटलं तर वाटू द्या.

सुनी, म्हणजे सुनंदा, माझ्याहून धाकटी. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, एका फोटोवाल्याने तंबू टाकला होता. मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा आणि धबधब्याशेजारी मोटार. माय सुनीला घेऊन आत गेली, मी बाहेर पाळण्याच्या रांगेत उभी राहिले. सुनीचा एकटीचा असा तो एकच फोटो निघाला. कॉपी पुढच्या बाजाराला घेऊ, मग त्याच्या पुढच्या बाजाराला घेऊ, असं करत ती घ्यायची राहून गेली. पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला. माय दुसऱ्याच्या बांधीत धान रोवत होती आणि सुनी तिला चहा घेऊन गेली. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, साप होता. टेम्पोतून मोहाडीच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही.

फोटो मागायला बाबा भंडाऱ्याला गेले तेव्हा फोटोवाल्याने निगेटिव्ह एका छापखान्याला देऊन टाकली होती. कोणत्या, ते त्याला आठवेना. त्याने बाबांना चहा पाजला. एवढंच.

बाबा मोहाडीच्या रस्त्यावरच्या एका राईस मिलमध्ये हमाल होते. हंगामाच्या तोंडाशी मिलमध्ये नवा बारदाना आला, रिकाम्या चुंगड्यांचे गठ्ठे. बाबांनी गठ्ठ्याची सुतळी तोडली आणि वरच्याच चुंगडीवर सुनी. धानपरी छाप, खास जुना तांदूळ. सुनी सावळी होती, तिला गोरी केलेली. कानांत कधी नव्हते ते डूल, डोक्यावर मुकुट. ओठांना लाल रंग आणि तो लाल ओठांवर थांबलेला नाही, खाली हनुवटीवर ओघळलेला. बाबा भरदुपारी घरी आले. कामाच्या वेळी घरी आलेलं मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. दारात उभं राहून त्यांनी हातातली रिकामी चुंगडी मायसमोर उलगडली. माय चूल सोडून उठली. ती चुंगडी तिने हातात घेतली आणि संध्याकाळपर्यंत कोणाला दिली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा मॅनेजरकडे गेले. मॅनेजर हसतमुख माणूस. "अबे, नशीबवान हाय तू," तो म्हणाला. "तुही पोरगी घरोघरी पोचून राहिली." आणि त्याने बाबांना दोन कोऱ्या चुंगड्या भेट दिल्या.

हमाल पोतं उचलतात ते लोखंडी आकडा रुतवून. बाबांनी आकडा ठेवून दिला. बोटांनी पोत्याचे कान धरून ते उचलायचे, पाठीवर घ्यायचे, थप्पीला नेऊन लावायचे. नखं काळी पडली, एक गळून गेलं. बाकीचे हमाल आधी हसले, मग वैतागले, कारण बाबांमुळे रांग खोळंबायची. मुकादम म्हणाला, पोरगी गेली ती गेली, बारदान्यात काय ठेवलंय. बाबांनी पुन्हा आकडा धरला नाही. त्यांच्या पाठीवर बसून सुनी रोज ट्रकपर्यंत जायची.

मग ती गावात आली. तुमच्या गोठ्यात आली, न्हाणीचा पडदा झाली, टेम्पोच्या फाटक्या सीटवर चढली. शाळेत माझ्या वर्गातल्या मुली तिच्यावर बसायच्या. हनुवटीवरचा तो लाल बघून पोरांनी तिचं नाव लालतोंडी ठेवलं. माझ्यासमोर म्हणायचे आणि जीभ चावल्यासारखं करायचे. पुढच्या वर्षीचा रोवणा मी कधी विसरणार नाही. पाऊस लागला म्हणून बायांनी चुंगड्यांच्या खोळी करून डोक्यावर घेतल्या होत्या. सगळ्या बाया चिखलात वाकलेल्या आणि सगळ्यांच्या पाठीवर सुनी, आभाळाकडे तोंड करून भिजत असलेली. त्या बायांना कोणी वाईट म्हणू नये, पाऊस अंगावर घेऊन दिवसभर कोण वाकणार. पण मायने त्या वर्षी रोवण्याला जायचं सोडलं आणि आमच्या घरी भाजीची चैन संपली.

आमच्या घरात जेवढ्या धानपरीच्या चुंगड्या आल्या त्या सगळ्या मायने धुतल्या आणि उलट्या केल्या. एकच सुलटी, ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली. तिचं एकच मागणं होतं आणि ते ती वर्षातून एकदोनदा बोलून दाखवायची, देवाला नव्हे, कारण आमच्या घरी देव नाहीत, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत. ती ते आम्हालाच म्हणायची. "मले तिचं साफ तोंड पायजे. एक डाव. मंग काई नाई पायजे."

मी नागपूरला कमर्शियल आर्ट शिकले आणि पुण्यात पॅकेजिंग डिझाइनच्या कंपनीत लागले, ती या मागण्यामुळे की पगारामुळे, हे आता मलाही सांगता येणार नाही. पुण्यात आल्यावर आधी माझं 'मले' गेलं. फ्लॅटमधल्या मुली मी "येतो" म्हटलं की हसायच्या, मुलगी असून येतो काय म्हणतेस म्हणून. "करून राहिली" म्हटलं की एकमेकींना ऐकवायच्या. महिनाभरात मी सुधारले. ऑफिसात माझं काम बिस्किटाच्या पुड्यावरच्या मुलांना हसवायचं. क्लायंट म्हणायचा, स्किन अजून ब्राइट करा. मी करायची. दात पांढरे, गाल गुलाबी, मागचं घर पुसून तिथे हिरवी टेकडी. ती मुलं कोणाची होती ते मी विचारत नसे. फोटो विकत घेतलेले असायचे.

पहिल्या दिवाळीला घरी जाण्याआधी मी चुंगडी स्कॅन केली. सुट्टीच्या दिवशी एकटीने ऑफिसात बसून मुकुट काढला, डूल काढले, रंग आठवून आठवून सावळा केला, आणि हनुवटी स्वच्छ पुसली. चांगल्या कागदावर प्रिंट काढून फ्रेम केली. मायने ती पदराने पुसून हातात धरली, खिडकीकडे नेली, परत आणली.

"हे कोन व्हय?" तिने विचारलं.

मला संताप आला. मी तिला समजावलं, की छपाईत प्रत्येक रंगाचा रोलर वेगळा असतो, लाल रंगाचा रोलर सरकला होता म्हणून डाग पडला, ती यंत्राची चूक होती आणि मी ती काढली. मायने सगळं ऐकून घेतलं. "असंन," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "ठेव वं, तिनं मेहनत केली." फ्रेम ट्रंकेत गेली, चुंगडीच्याही खाली. पुढच्या वर्षी बाबा गेले. मिलच्या कोंड्याने छाती भरली होती.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी ऑफिसने आम्हाला एका चित्रप्रदर्शनाला नेलं. प्रेरणा मिळावी म्हणून. चित्रकार मोठे आहेत, देशापरदेशात नाव आहे. इथे त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना फुकटात जाहिरात कशाला. त्यांची चित्रं म्हणजे बाजारात मिळणाऱ्या वस्तू, पण राक्षसी आकारात. कपडे धुवायच्या पावडरीची पुडी, घराएवढी. शाम्पूच्या पाऊचांची माळ, छतापासून जमिनीपर्यंत. खोबरेल तेलाची निळी बाटली, तिच्यासमोर माणूस उभा राहिला तर झाकणाएवढाही दिसेना. खरं सांगते, मला आवडली. रोज ज्याच्यावर मान मोडते ते इतकं मोठं झालेलं बघून जरा मान मिळाल्यासारखं वाटलं. मग मी शेवटच्या दालनात गेले.

अख्खी भिंत सुनी. मुकुट, डूल, गोरे गाल, वर धानपरी ही अक्षरं, आणि हनुवटीवरचा लाल एका दाराएवढा. प्लॅस्टिकची वीणसुद्धा एकेक धागा रंगवलेली. मुलं-मुली त्या लाल डागासमोर उभी राहून तोंड वेडंवाकडं करत सेल्फी काढत होती. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, की रायपूर हायवेवरच्या एका ढाब्यात सापडलेलं पोतं, आणि यंत्राच्या चुकीतून जन्मलेलं सौंदर्य. चित्रकार स्वतः हजर होते. घोळक्याला समजावून सांगत होते.

"हा चेहरा कोणाचाच नाही," ते म्हणाले, "म्हणून तो आपल्या सगळ्यांचा आहे."

"ती माझी बहीण आहे," मी म्हटलं.

सगळे वळले. मला वाटलं होतं ते ओशाळतील, निदान गप्प होतील. त्यांचा चेहरा इतका उजळला की मी तो कुठल्याही पुड्यावर छापू शकले असते. "अरे वा!" ते म्हणाले.

अरे वा. मग नाव विचारलं, गाव विचारलं, कशी गेली ते विचारलं. सापाचं ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि मला पाणी मागवलं. मी पाणी प्यायले. दोन दिवसांनी पाटी बदलली होती. आता तिच्यावर सुनंदा होती, भंडारा जिल्हा होता, भातशेती आणि सर्पदंश होता. पेपरात आलं. ऑफिसात सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, नेमकं कशाबद्दल ते कोणालाच सांगता आलं नाही. आणि चित्रकारांचा फोन आला, की आईंना आणा ना, येण्याजाण्याचं आम्ही बघू.

नाही म्हणायला मला दोन अक्षरं लागली असती. पण मायला विचारल्याशिवाय नाही म्हणणं मला जमलं नाही. मी फोन केला. सगळं सांगितलं.

"किती मोठी हाय?"

"भिंतीएवढी."

"मंग येतो," माय म्हणाली.

ती ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून आली. पावडरीच्या पुडीकडे, तेलाच्या बाटलीकडे तिने बघितलंही नाही. शेवटच्या दालनात तिने चप्पल काढली. मागे चित्रकार, त्यांचे दोन मदतनीस, एक पेपरवाली. मला धास्ती होती की माय हंबरडा फोडेल आणि ते यांना हवंच असेल. पण ती रडली नाही. भिंतीच्या अगदी जवळ गेली, पदराचं टोक तोंडात घालून ओलं केलं आणि हात वर केला.

"थांब वं, पुसून देतो," ती सुनीला म्हणाली.

हात कुठला पोचतोय. हनुवटी तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. मी तिचा खांदा धरला. माय, तो डाग नाही, सांगितलं ना, छपाईत रंग सरकलेला आहे.

"रंग नाई सरकला बाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "बर्फाचा गोला खाल्ला होता तिनं. लाल. मी पुसतो म्हनलं, पदर ओला केला, त तो फोटोवाला म्हणे, राहू द्या बाई, लाईट जाऊन राहिली. तसाच काढला त्यानं."

मुकुट खोटा होता, डूल खोटे होते, गोरेपण खोटं होतं. त्या अख्ख्या चुंगडीवर सुनीची खरीखुरी गोष्ट एकच होती, मंडईतला तो लाल ओघळ, आणि नेमका तोच पुसून मी फ्रेम करून नेला होता. माय मला "हे कोन व्हय" म्हणाली ते बरोबरच होतं. तिला डाग गेलेली सुनी नको होती. तिला डाग पुसायचा होता.

तेवढ्यात गार्ड पुढे आला. "मावशी, हात नका लावू."

"बाबू, स्टूल हाय का?" मायने त्याला विचारलं.

गार्ड भला होता. त्याने कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघितलं, आणि मग चित्रकारांकडे. चित्रकारांनी मोबाइल वर धरलेला होता. "स्टूल नको," ते हळू आवाजात म्हणाले. "तो हात असाच पाहिजे." आणि मोठ्याने, अगदी मायाळूपणे, "आई, हात असाच राहू द्या हं. एक मिनिट."

माय समजली स्टूल आणतायत. तिने हात तसाच वर धरून ठेवला, ओल्या पदरासकट. मग दुसऱ्या हाताने कोपर धरलं. पेपरवालीनेही फोटो काढले. दुसऱ्यांदा फोटोवाल्याने तिला पुसू दिलं नाही. मी ओरडले असेन, काय ते आठवत नाही. माझ्या ओरडण्याचा व्हिडिओही असेल कुठेतरी.

परतीच्या गाडीत बसवताना ती माझ्यावर रागावलेली नव्हती, हे त्यातल्या त्यात वाईट. "लय मोठी झाली सुनी," ती म्हणाली. "थंड्या हवेत ठेवली त्यायनं, धूळ नाई का काई नाई. माहा हात नाई पुरला. तू उंच हायस, तू इथंच रायतेस. तूच पुसजो कधी." मी हो म्हटलं.

पुढच्या हंगामातलं चित्रकारांचं चित्र तुम्ही बघितलं असेल, बरंच गाजलं. एका म्हाताऱ्या बाईची पाठ आणि वर केलेला हात, पदर मुठीत. त्याच्या कापडी पिशव्याही निघाल्या. मेट्रोत माझ्यासमोर एकजण ती पिशवी घेऊन बसली होती, मायच्या हातातून मेथीची जुडी डोकावत होती. आंधळगावात तुम्ही सुनीवर पाय पुसलेत, इथे मायमधून भाजी नेतात. तुम्हाला तेव्हा मी मनातून फार शिव्या दिल्या. आता देत नाही. तुम्ही निदान त्याला सौंदर्य म्हणाला नाहीत.

भिंतीवरची धानपरी परदेशात विकली गेली. ती बांधायच्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून गेले. चौकटीवरून कापड सोडवून जमिनीवर पसरलं होतं. सुनी खाली निजलेली आणि तिच्या हनुवटीपर्यंत आता कोणाचाही हात पोचला असता. मी खाली बसलेसुद्धा. पण कडेला हातमोजे घातलेली चार माणसं उभी होती आणि रंग कधीच वाळून कडक झाला होता. मग मी त्यांना एवढंच म्हटलं, की गुंडाळताना तोंड आत ठेवाल का.

"नाही मॅडम," त्यांच्यातला मोठा म्हणाला. "चित्र नेहमी तोंड बाहेर ठेवूनच गुंडाळतात. आत घेतलं की रंगाला भेगा पडतात." आणि त्यांनी ती तशी गुंडाळली.

पुण्यात आता माझं घर आहे. मिक्सर आहे, वॉशिंग मशीन आहे, बाल्कनीत तुळस नाही पण मोगरा आहे. निघालेल्यांनो, एकमेकांना भेटलो की आपण विचारतो, घरी कधी चाललीस, आणि दोघंही समजतो की घर म्हणजे तिकडचं. माझं तिकडचं घर आता म्हणजे रविवारचा एक फोन. इकडचं घर म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटातली उलटी चुंगडी, जिच्यातला तांदूळ केव्हाच संपला. या दोन्हींच्या मधे मी राहते आणि मायशी खोटं बोलते.

"सुनीले भेटली का?" माय दर रविवारी विचारते.

"भेटले."

"तोंड पुसलं का तिचं?"

"पुसलं, माय."

मग ती मोठा श्वास सोडते. शेजारणीला सांगताना ऐकू येतं, पुसलं म्हणते बाई, साफ केलं तिनं. फोन ठेवण्याआधी माय मला पुन्हा बजावते, स्टेशनावर बजावलं होतं तसंच, की काम झालं असंन त तोंड आत ठेवजो.

ठेवलं, म्हणते मी.